औषधपुरवठ्याचे स्रोतस : शासकीय औषधवितरणातील तत्परता आणि आपले कर्तव्य

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्यानंतर द्रव्याचे स्थान आहे, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. चरकाचार्यांनी द्रव्याचे जे चार गुण सांगितले त्यांमध्ये पहिला गुण ‘बहुता’ हा आहे. योग्यता, अनेकविध कल्पना आणि संपत् यांचा उल्लेख त्यानंतर येतो. विद्यार्थिदशेत हा क्रम आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. परंतु ‘बहुता’ हा गुण प्रथम का सांगितला असावा, याचा विचार सहसा केला जात नाही. मीही तो केला नव्हता. तो विचार करण्याची वेळ माझ्यावर २००९ सालच्या पावसाळ्यात, एका डोंगरी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात आली.

त्या केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून कार्यरत होतो. श्रावणातली रात्र होती. पहाटे तीनच्या सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी पाठीवर घेऊन आणले. तो जमिनीवर झोपला होता. दंशाची खूण जेमतेम दिसत होती, वेदना नव्हती. परंतु पापण्या मिटू लागल्या होत्या आणि शब्द अडखळत होते. लक्षणे मण्याराच्या दंशाची होती. सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या आठ ते दहा कुप्या आरंभीच द्याव्या लागतात. मी औषधनिर्माता अधिकाऱ्यांना कपाट उघडण्यास सांगितले.

“साहेब, चारच आहेत,” ते म्हणाले. “मागणीपत्रक दोनदा पाठवलंय. जिल्ह्याहून आलं नाही.”

चार कुप्या देऊन, केंद्राच्या जीपमधून, हाताने श्वास देत देत आम्ही त्या मुलाला जिल्हा रुग्णालयाकडे नेले. अंतर बासष्ट किलोमीटर होते. परिचारिकाताईंचा हात श्वासाच्या फुग्यावरून क्षणभरही ढळला नाही. मुलगा वाचला. तीन दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर राहून तो चालत घरी गेला.

खरा धक्का मला दोन महिन्यांनंतर बसला. जिल्हा बैठकीत मुदतबाह्य औषधांची यादी वाचली जात होती. त्याच जिल्ह्यातील एका सपाटीवरच्या केंद्रात प्रतिविषाच्या बावीस कुप्या मुदत संपून पडल्या होत्या. त्या केंद्रात वर्षभरात सर्पदंशाचे रुग्ण नाममात्र आले होते. चौकशी करता कळले की, वर्षारंभी आलेला साठा सर्व केंद्रांना समान वाटण्यात आला होता. कोणी लबाडी केली नव्हती वा निष्काळजीपणाही केला नव्हता. उलट कोणावर अन्याय होऊ नये, याच सद्हेतूने समान वाटप झाले होते.

वैद्यमित्रहो, या ‘समान’ शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. अग्नी, बल, वय, देश, काल यांचा विचार न करता सर्व रुग्णांना एकच मात्रा देणाऱ्याला आपण वैद्य म्हणणार नाही. मग सर्व आरोग्य केंद्रांना एकच मात्रा देणारी वितरणपद्धती आपण निमूटपणे का स्वीकारतो? औषधाला जशी मात्रा असते, तशी ती भांडारालाही असते. ती मात्रा वरून ठरवता येत नाही. रुग्णाजवळ जे आहेत त्यांच्या नोंदीवरूनच ती ठरवावी लागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

आपत्तीपूर्वी संभार

हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, संशोधन करण्यापूर्वीच सर्व साहित्य जवळ जमवावे. जे उपचारासाठी हवे ते तर हवेच, पण उपद्रव उद्भवल्यास त्याच्या प्रतिकारासाठी लागेल तेही हवे. कारण संकट समोर उभे राहिल्यावर, बाजारात क्रयविक्रय चालू असला तरी, औषधे तत्काळ आणि यथायोग्य जमवणे सोपे नसते. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात हाच विचार व्यक्तीकडून जनपदाकडे जातो. ग्रीष्माच्या अखेरीस गंगातीरी फिरत असताना आत्रेय शिष्यांना सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी, उद्ध्वंस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा.

आजच्या व्यवस्थापनशास्त्रात ज्याला पुरवठा साखळीची तत्परता म्हणतात, तिची दोन्ही अंगे येथे आली आहेत. पहिले अंग म्हणजे चिन्हे ओळखून आधी हालचाल करणे आणि दुसरे म्हणजे प्रत्यक्ष वेळ आल्यावर औषध विनाविलंब रुग्णापर्यंत पोहोचवणे. केवळ धावपळ म्हणजे तत्परता नव्हे. ज्याची धावपळ रोजची झाली आहे, त्याची पूर्वतयारी चुकलेली असते.

चार प्रकारची दुष्टी

शासकीय औषधवितरणाकडे स्रोतस म्हणून पाहिल्यास त्यातील दोष ओळखणे सोपे जाते. निर्मात्यापासून रुग्णाच्या हातापर्यंतचा मार्ग हे एक वहनच आहे आणि त्यात स्रोतोदुष्टीचे चारही प्रकार आढळतात.

पहिला प्रकार संग. औषध तयार असते, खरेदीही झालेली असते. पण गुणवत्ता चाचणीचा अहवाल, पुरवठादाराचे थकलेले देयक, एखादी स्वाक्षरी किंवा वाहनाचे डिझेल यांपैकी कशावर तरी ते अडते. दुसरा प्रकार अतिप्रवृत्ती. मार्चअखेरीस निधी खर्ची टाकण्याच्या घाईत वर्षभराचे औषध एकदम येऊन पडते. तिसरा प्रकार सिराग्रंथी, म्हणजे एकाच जागी साठून राहणे. वर उल्लेखिलेल्या बावीस कुप्या हे त्याचे उदाहरण होय. चौथा प्रकार विमार्गगमन, म्हणजे ज्याच्यासाठी औषध आहे त्याच्याऐवजी ते भलतीकडे, प्रसंगी बाजारात जाणे.

या चारही दोषांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी एकाही दोषावर ‘अधिक औषध खरेदी करा’ हा उपाय लागू पडत नाही. संग असलेल्या स्रोतसात वरून आणखी भर घातल्यास काय होते, हे वैद्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तामिळनाडूची वही

या दोषांवर व्यवस्थेच्या पातळीवर चिकित्सा झाल्याचे आपल्या देशातील प्रसिद्ध उदाहरण तामिळनाडूचे आहे. त्या राज्याने १९९४ मध्ये तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना केली आणि १९९५ पासून शासकीय रुग्णालयांसाठीची औषधखरेदी त्याच्यामार्फत सुरू झाली. मध्यवर्ती खरेदीमुळे दर उतरले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु माझ्या मते त्या पद्धतीचे मर्म खरेदीत नसून एका साध्या वहीत आहे.

तेथे प्रत्येक आरोग्यसंस्थेला बँकेच्या पासबुकासारखी एक वही देण्यात आली. वर्षभरात त्या संस्थेला किती रुपयांची औषधे उचलता येतील, ती रक्कम वहीत आरंभीच जमा दाखवली जाते. यादीतील कोणते औषध, केव्हा आणि किती घ्यायचे, हे त्या संस्थेचे वैद्यकीय अधिकारी ठरवतात. जिल्हा भांडारातून औषध उचलले की त्याची किंमत वहीतून वजा होते. म्हणजे डोंगरातले केंद्र प्रतिविष अधिक घेईल आणि शहरालगतचे केंद्र मधुमेहाची औषधे अधिक घेईल. वरून ढकलले जाणारे औषध खालून ओढले जाऊ लागले. दिशेतील हा बदल लहान दिसतो, परंतु समान वाटपाचा दोष त्याने मुळातच नाहीसा होतो.

इतर अंगांचीही योजना तेथे आहे. औषधांची यादी आटोपशीर ठेवली आहे. नमुने चाचणीसाठी पाठवताना निर्मात्याची ओळख झाकली जाते. गोळ्यांच्या पट्टीवर शासकीय पुरवठ्याची खूण छापलेली असल्याने विमार्गगमनाला आळा बसतो. जिल्हा भांडारात काही महिन्यांचा राखीव साठा ठेवून, तो ठरावीक पातळीखाली जाताच नवा पुरवठा आदेश निघतो. राजस्थानने २०११ मध्ये असेच महामंडळ स्थापून २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली आणि साठ्याच्या नोंदीसाठी ‘ई-औषधी’ ही संगणकप्रणाली वापरात आणली.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये औषधखरेदी एकत्रितपणे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवण्यात आली आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणासाठी स्वतंत्र कायदा झाला. खरेदी कोणी करावी, याविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. ती आवश्यकही आहे. परंतु खरेदीनंतर औषध कोणाच्या सांगण्यावरून कोठे जाते, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

खोटी मागणी कशी जन्मते

येथे कोणी विचारील की, मागणीपत्रके तर आपणही पाठवतच होतो, मग ती का उपयोगी पडली नाहीत? याचे उत्तर आपल्यालाही थोडे अडचणीत टाकणारे आहे.

शासकीय सेवेत रुजू झाल्यावर मला मिळालेला पहिला व्यवहारी सल्ला असा होता : “डॉक्टर, हवं त्याच्या दुप्पट मागा, म्हणजे निम्मं तरी मिळेल.” मीही तसेच करीत असे. सगळीच केंद्रे तसे करीत. भांडारपालांना हे ठाऊक असल्याने ते सर्वांच्या मागणीस सरसकट कात्री लावत. कात्री लागते म्हणून पुढील वेळी आम्ही तिप्पट लिहीत असू. अशा रीतीने आकड्यांवरचा विश्वास उडाला की, भांडाराजवळ समान वाटपाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. माझ्या कपाटात चारच कुप्या असण्यामागे माझ्याच फुगवलेल्या मागणीपत्रकांचाही वाटा होता, हे मान्य करण्यास मला काही वर्षे लागली.

दुसरी चूक नकळत होते. समजा, एका महिन्यात जलसंजीवनीची ६०० पाकिटे वाटली गेली. पण ती विसाव्या दिवशीच संपली. नोंदवहीत मासिक खप ६०० दिसतो आणि पुढील मागणीही ६०० ची जाते. वास्तविक रोजचा खप ३० पाकिटांचा असल्याने खरी गरज ९०० ची आहे. ज्या दहा दिवसांत रुग्ण रिकाम्या हाताने परतले, ते दिवस कोणत्याही रकान्यात येत नाहीत. अशा प्रकारे टंचाई स्वतःलाच पुढे चालू ठेवते. म्हणून औषध शिल्लक नसलेल्या दिवसांची नोंद ही साठ्याच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

मागणी कधी पाठवावी, याचेही गणित सोपे आहे. मागणी पाठवल्यापासून औषध हाती येईपर्यंत ४५ दिवस लागत असतील, तर रोज ३० पाकिटे या हिशेबाने १३५० पाकिटे या वाटेसाठी हवीत. त्यावर १५ दिवसांचा आधार, म्हणजे ४५० पाकिटे. साठा १८०० वर येताच मागणी गेली पाहिजे. कपाट रिकामे झाल्यावर पाठवलेली मागणी दीड महिना उशिराची असते. पावसाळ्यात खप दुप्पट होणार असेल, तर हा आकडा ज्येष्ठातच दुप्पट धरावा लागतो. ऋतुचर्या रुग्णाला सांगणाऱ्यांनी भांडारालाही ऋतुचर्या असते, हे विसरू नये.

आयुर्वेदीय औषधांचे वेगळेपण

जिल्हा परिषदेच्या आयुर्वेदिक दवाखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींपुढे याहून वेगळा प्रश्न आहे. आपल्या कल्पांची वीर्यकालमर्यादा सारखी नाही. शार्ङ्गधरांनी चूर्णासाठी दोन महिने, गुटिका व अवलेहासाठी एक वर्ष सांगितले. आसव, धातू आणि रसकल्प मात्र जुने झाल्यावर अधिक गुणवान मानले. आधुनिक आवेष्टनाचा विचार करून आजच्या नियमांत चूर्णास दोन वर्षांची मुदत आहे. तथापि मार्चअखेरीस आलेले सितोपलादी वा त्रिफळा चूर्ण आषाढात दवाखान्याच्या ओलसर खोलीत कसे गुठळ्या धरते, हे आपण पाहिलेलेच आहे. औषधागार अग्नी, धूर, धूळ, पाणी आणि उंदीर यांपासून सुरक्षित असावे, असे कल्पस्थानात सांगितले आहे. आपल्या किती दवाखान्यांतील खोल्या या कसोटीस उतरतील, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे.

यावरून एक साधा नियम निघतो. आसवारिष्टे वर्षातून एकदा आली तरी चालतील; चूर्णे मात्र वर्षातून तीन-चार हप्त्यांत आलीच पाहिजेत. दरकरार एकाच वेळी व्हावा, पुरवठा मात्र हप्त्यांनी व्हावा. यास नवा निधी लागत नाही, केवळ पुरवठा आदेशातील एक ओळ बदलावी लागते.

दुसरे वेगळेपण उगमाचे. रासायनिक औषधाचा कारखाना मागणी वाढल्यास रात्रपाळी सुरू करू शकतो. वनस्पतीला रात्रपाळी नसते. साल, कंद आणि क्षीर शरदात घ्यावे, असे चरकांनी सांगितले आहे. कुटजाची साल शरदात काढली, त्यापासून अरिष्ट घातले, ते संधान होऊन, निवळून, बाटलीत भरून दवाखान्यात पोहोचले, तर पुढील वर्षा ऋतूतील अतिसाराच्या रुग्णांस ते मिळेल. आषाढात कुटजारिष्टाची मागणी पाठवणाऱ्याने खरे पाहता मागील कार्तिकातच निर्णय करावयास हवा होता.

कोरोनाच्या साथीत हे विशेषत्वाने जाणवले. मे २०२१ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘आयुष-६४’ या औषधाच्या देशव्यापी वितरणाची मोहीम हाती घेतली. सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त आणि लताकरंज हे त्याचे घटक. यांपैकी कुटकी हिमालयाच्या उंच भागात, काही वर्षे वाढल्यावर काढण्यायोग्य होते आणि अतिसंग्रहामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. अशा द्रव्याची मागणी एका महिन्यात अनेक पटींनी वाढली, तर पुरवठा वाढत नाही. वाढतो तो भाव आणि भेसळीचा मोह. म्हणून आयुर्वेदात तत्परता म्हणजे लागवड, संग्रहकाल, प्रतिनिधी द्रव्यांचा विवेक आणि राखीव साठा या चारही गोष्टींचे पूर्वनियोजन होय. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा, या आत्रेयवचनाचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

आपण काय करू शकतो

धोरण ठरवणे आपल्या हाती नाही, हे खरे. तथापि पुढील गोष्टींसाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट, शासकीय सेवेतील वैद्यांनी फुगवलेली मागणी पाठवणे थांबवावे. आरंभी एक-दोन हप्ते कमी औषध मिळेल. परंतु मागणीपत्रकासोबत प्रत्यक्ष खप, शिल्लक आणि औषध नसलेले दिवस असे तीन रकाने जोडल्यास भांडारपालांचा विश्वास बसतो. मी २०१० पासून ही पद्धत धरली. दुसऱ्या वर्षी आमच्या केंद्राच्या मागणीस कात्री लागणे जवळजवळ बंद झाले.

दुसरी गोष्ट, शेजारच्या केंद्रांची साप्ताहिक विचारपूस. मुदत संपण्यास सहा महिने उरलेल्या औषधांची यादी तालुक्यातील सर्व केंद्रांनी एकमेकांस कळवावी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने अदलाबदल करावी. आमच्या तालुक्यात हे काम मासिक बैठकीच्या चहाच्या वेळेत होऊ लागले. संगणकप्रणालीत साठा दिसतो, हे खरे. पण त्या आकड्याकडे पाहून दूरध्वनी उचलणारा माणूस असेल तरच तो साठा हलतो.

तिसरी गोष्ट, जीवरक्षक औषधांची वेगळी वागणूक. प्रतिविषासारख्या औषधाचा हिशेब मासिक सरासरीवर करू नये. वर्षात पाचच रुग्ण आले तरी एका रुग्णाची संपूर्ण आरंभमात्रा कपाटात असलीच पाहिजे. त्याखालील साठा हा शून्य साठाच समजावा. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये याविषयी राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. ते साध्य होणे वा न होणे बव्हंशी लहान केंद्रांतील कपाटांवर अवलंबून आहे.

चौथी गोष्ट आपल्या संघटनेसाठी. जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील आयुर्वेदिक दवाखान्यांचा ऋतुनिहाय खप एकत्र करून, पुढील वर्षाची अपेक्षित गरज कार्तिकातच जिल्हा परिषदेस लेखी सादर करावी. निवेदने आपण पुष्कळ देतो. आकडे असलेले निवेदन क्वचितच देतो.

असो. त्या मुलाचे वडील नंतर एकदा केंद्रावर आले होते. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. “डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधानं पोरगं वाचलं,” असे ते म्हणाले. त्या वेळी मी काही बोललो नाही. चार कुप्या, बासष्ट किलोमीटर आणि परिचारिकाताईंचे न थकणारे हात यांनी तो वाचला होता. बावीस कुप्या त्याच जिल्ह्यात त्याच रात्री एका कपाटात होत्या, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

‘बहुता’ हा द्रव्याचा पहिला गुण का, हे मला तेव्हापासून कळले आहे. बहुता म्हणजे जिल्ह्यात पुष्कळ औषध असणे नव्हे. ज्याला हवे त्याच्या उशाशी, हवे तेव्हा, हवे तेवढे असणे होय. आपल्या हातातील मागणीपत्रक हे त्या गुणाचे पहिले साधन आहे. ते यापुढे व्यवस्थापत्राइतक्याच काळजीने लिहावे, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती.